इंदूअक्कांच्या टाकीतलं तण

इंदूअक्का बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, तेव्हा भाड्याचं बोलणं व्हायच्या आधी त्यांनी माझ्या डाव्या दाढेची चौकशी केली.

अक्का दातांच्या डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. वय झालं तसा तो बंद केला, खुर्ची विकली आणि तिच्या जागी खाऱ्या पाण्याची एक भलीमोठी काचेची टाकी आणली. त्यात प्रवाळ. अंगठीतलं पोवळं नव्हे, जिवंत. जांभळी, हिरवी, केशरी, फुलांसारखी उघडणारी आणि मिटणारी. हत्यारं मात्र अक्कांनी विकली नाहीत. रोज सकाळी तोंडाला मास्क लावून, दांडीचा आरसा पाण्यात घालून त्या प्रवाळांची तपासणी करतात. दगडांवर शेवाळ दिसलं की टूथब्रशने घासतात. एखादं प्रवाळ मिटून बसलं, की जन्मभर पेशंटांना म्हटलं तेच त्याला म्हणतात, "स्वल्प उघडा, काही होत नाही."

स्वल्प म्हणजे थोडंसं. अक्कांचं घराणं इथे इतक्या पिढ्या राहिलंय की त्यांच्या मराठीतला कन्नड शब्द वेगळा काढायला गेलात तर वाक्यच कोसळेल.

त्यांचा एकच शत्रू. आयप्टेशिया नावाचं तण. तण म्हणायचं, पण तोही जीवच. तपकिरी दांडा, वर धाग्यांचा झुबका. दगडाच्या फटीत रुजतो आणि शेजारच्या प्रवाळाला डसून डसून मारतो. मला तो बरा दिसला आणि मी तसं म्हणालो. अक्कांनी माझ्याकडे किडक्या दाताकडे बघावं तसं बघितलं.

"उपटून टाका की मग," मी म्हणालो.

"उपटायचं नाही रे! तुकडा राहिला की त्यातून नवीन येतं. मुळापर्यंत चुना भरायचा. रूट कॅनालच की हे."

आणि खरंच, पंप बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर त्या सिरिंजने तणाच्या तोंडात चुन्याची पेस्ट सोडत. तण आक्रसून पांढरं पडलं की म्हणत, "आयतु! झालं, गेला." पुढच्या पेशंटला आत बोलावतील असंच वाटायचं.

हे सगळं वेताच्या खुर्चीत बसून बघायचे ते अण्णा, अक्कांचे थोरले भाऊ. दोघांनीही लग्न केलं नाही. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात अण्णांचं लेथचं वर्कशॉप होतं. टाकीखालचा लोखंडी स्टँड त्यांनीच वेल्डिंग करून दिलेला. आता त्यांचे शब्द संपत आलेत. अक्कांना कधी आई म्हणतात, कधी नर्स. नातेवाईक आधी फोन करून यायचे, मग नुसता फोन करायचे, आता तोही नाही. संध्याकाळी त्या घरातून पंपाचा आवाज तेवढा येतो. मला खाली जायला नको वाटतं, पण मी जातो.

टाकीच्या पुढच्या काचेला लागून, दगडाच्या अडचणीत एक तण उरलं होतं. तिथे सुई पोचत नव्हती. अण्णा त्याच्यासमोरच्या काचेवर टिचकी मारायचे, तण झटकन आत जायचं आणि अण्णा ओरडायचे, "पळाला!" मग तोंडभर हसायचे. अक्का पाठमोऱ्या, सुई वाकवण्यात गुंग. म्हणायच्या, "अण्णा असाच हसतो, कारण नाही काही."

अखेर ती सुई हवी तशी वाकली. त्या दिवशी अक्कांनी मला वर केसरीभात पाठवला. टाकी स्वच्छ झाली होती.

अण्णांनी टिचकी मारली. परत मारली. बराच वेळ मारत राहिले. पुढे त्यांनी टाकीकडे बघणं सोडलं आणि मग जेवणाला तोंड उघडणंही. मी खाली गेलो की एकच दिसायचं. दहीभाताची वाटी घेऊन बसलेल्या अक्का आणि ओठ घट्ट मिटलेले अण्णा. "अण्णा, स्वल्प उघड की. काही होत नाही." अख्ख्या मल्लेश्वरमला तोंड उघडायला लावलेली बाई सख्ख्या भावापुढे हरली होती. अण्णा दिवसेंदिवस वाळत चालले.

एकदा असाच घास नाकारून अण्णांनी हात लांब केला आणि रिकाम्या काचेवर टिचकी मारली. अक्का त्या काचेकडे बघत राहिल्या. मग वाटी खाली ठेवून मला म्हणाल्या, "गाडी काढ."

मत्स्यालयाच्या दुकानात त्यांनी आयप्टेशिया मागितला. दुकानदाराला वाटलं, तक्रार आहे. "मॅडम, आमच्याकडे असलं काही नसतं! सगळं क्लीन."

"मला पाहिजे."

त्याने मला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, "सर, मॅडम की तबियत ठीक है ना?" शेवटी मागच्या एका घाणेरड्या टाकीतून तण लागलेला दगड काढून दिला. फुकट.

अक्कांनी तो दगड पुढच्या काचेपाशी, चांगल्यातल्या चांगल्या जांभळ्या प्रवाळाशेजारी ठेवला. अण्णांचा हात तेवढाच पोचतो. तण प्रवासाने भेदरून नुसता गोळा होऊन बसलं होतं. अण्णांना खुर्चीत बसवून, वाटी हातात धरून अक्का काचेला नाक लावून बसल्या. "स्वल्प उघड रे," त्या तणाला म्हणाल्या. आवाज डॉक्टरांचा नव्हता.

त्या दिवशी ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी झुबका बाहेर आला. अण्णांनी बोट उचललं, टिचकी मारली.

"पळाला!"

त्या उघड्या तोंडात अक्कांनी चमचा सरकवला. अण्णांनी घास गिळला.

आता तणाच्या बुडाशी त्याची बारकी पिल्लं आलीत आणि जांभळं प्रवाळ एका बाजूने पांढरं पडलंय. मी ते दाखवलं. "दिसलं मला," अक्का म्हणाल्या, आणि दहीभात कालवायला आत गेल्या.