पाळण्याजवळचा हायड्रोजन

"अगं, बाळ रडतंय. गॅस झालाय त्याला," असा सासूबाईंचा फोन आला, आणि 'गॅस' हा शब्द कानावर पडताच बाळाच्या आईने सवयीने आधी हायड्रोजनच्या सिलिंडरकडे पाहिलं. काटा जागेवर होता. मग तिला बाळ आठवलं, आणि सिलिंडर आधी आठवल्याबद्दल तिचं तिलाच कसंतरी झालं.

विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एक इंधन-सेल चालू होता. जाड पुस्तकाएवढा. एका बाजूने हायड्रोजन आत, दुसऱ्या बाजूने हवा आत. बाहेर वीज आणि पाणी. ना धूर, ना आवाज. फक्त खालच्या बरणीत टप… टप… आज चारशे एकोणनव्वद तास झाले होते. सलग पाचशे भरले की तिचा प्रबंध पुरा होणार होता. मध्ये थांबला तर पुन्हा पहिल्या तासापासून, आणि मुदत तर महिनाअखेरीस संपत होती. वीस दिवस ती दोघांची राखण करत होती. इथे सेल, घरी पाच महिन्यांचं बाळ. दोघंही दर दोन तासांनी काहीतरी मागायची. झोप अशी तिला लागतच नव्हती, नुसती डुलकी; आणि डुलकीत पाळण्यात सेल निजलेला असायचा, काचेच्या कपाटात बाळ, आणि तिचे मार्गदर्शक सर वहीत लिहून घ्यायचे, 'थेंब समाधानकारक.'

घर आवारातच होतं, पाच मिनिटांवर. तिने ॲप्रन खुंटीला अडकवला, पिशवी खुर्चीवरच ठेवली आणि पळाली. कमरेचा गळती-मीटर मात्र काढायचा राहिला. काड्यापेटीएवढंच ते यंत्र, पण हवेत हायड्रोजनचा जरा सुगावा लागला की किंचाळायचं.

घरात दुपार दुधासारखी सांडली होती. पडदा फुगायचा आणि बसायचा, खोलीच श्वास घेत असल्यासारखा. बाळ रडून रडून गप्प झालं होतं.

"आत्ता डोळा लागलाय," सासूबाई कुजबुजल्या. "पाय बघ कसे पोटाशी घेतोय. मी सकाळपासून सांगतेय…"

"हो आई," ती म्हणाली. ऐकलं काहीच नाही. पाळण्याच्या कडेवर हात ठेवून ती उभ्या उभ्याच पेंगायला लागली. टप… टप… थेंब आता उलटे निघाले होते, जमिनीवरून छताकडे, एकेक चमकत, घाई न करता. दुपटं ओलं झालं की काय, या शंकेने ती वाकली, तिने दुपटं उचललं, आणि कमरेचा मीटर जिवाच्या आकांताने ओरडला.

आकडा चाळीस. साठ. एकशे चाळीस.

गळती! आपल्याच कपड्यांतून आला हा मेला, थेट बाळापर्यंत! तिने खिडक्या सताड उघडल्या, बाळाला उचललं, बाळाने दचकून टाहो फोडला, आणि एका हाताने तिने प्रयोगशाळेत फोन लावला.

उचलला तो तिच्या बरोबरीच्या संशोधकाने. त्याला सगळे 'अंदाजे' म्हणायचे, कारण तो स्वतःचं वयसुद्धा अंदाजेच सांगायचा. तो नुकताच चहा पिऊन आला होता. खुर्चीवर तिची पिशवी दिसत होती, म्हणजे बाई आत यंत्रापाशी असणार, हा त्याचा अंदाज.

"अरे अंदाजे, हायड्रोजन! मीटर ओरडतोय!"

"कुठे?"

"पाळण्याजवळ!"

"पाण्याजवळ?" सेलखालची बरणी त्याच्या डोळ्यांसमोर आली. "आणि मागे काय वाजतंय? सायरन?"

"अरे, गप्पच बसत नाहीये! काय करू?"

"बाहेर पड! आधी तू बाहेर पड!"

आणि अंदाजेने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट अचूक केली. दारालगतचं आणीबाणीचं लाल बटण दाबलं.

बाळाला घेऊन ती अंगणात उभी होती. मोकळ्या हवेत मीटर गप्प झाला होता. तेवढ्यात सरांचा फोन आला.

"आहात कुठे तुम्ही?" सरांना धाप लागली होती. "अख्खी इमारत हिरवळीवर काढलीय. तीनदा डोकी मोजली, एक कमी भरतंय!"

"मी घरी आहे, सर."

"घरी? मग हायड्रोजन कुठे आहे?"

नेमके तेव्हाच बाळाने पाय पोटाशी घेतले, चेहरा लालबुंद केला आणि एक लांबलचक, राजेशाही आवाज काढला. मीटर किंचाळला. बाळ प्रसन्न हसलं.

"तोही घरीच आहे, सर."

"सिलिंडर घरी नेलात?"

"नाही हो. बाळाच्या… बाळाच्या पोटात आहे."

"मी दुसरं काय सांगत होते?" सासूबाई पायरीवरून कडाडल्या. "गॅस झालाय म्हटलं ना!"

सर हाडाचे शास्त्रज्ञ. "खरंय, आतड्यातले जिवाणू करतात हायड्रोजन," ते म्हणाले. "आकडा किती?"

"एकशे ऐंशी."

"उत्पादन चांगलं आहे." मग त्यांचा आवाज पडला. "पण लाल बटणाने गॅस तोडला, आपला सेल बंद पडला हो. अकरा तास राहिले होते."

ती आत येऊन पाळण्याशेजारच्या खाटेवर मटकन बसली. डोळ्यांतलं पाणी टप टप हातावर पडलं. तेवढं एक समाधानकारक होतं.

"बंद काय पडलं गं?" सासूबाईंनी बाळाला खांद्यावर घेत विचारलं.

"सेल, आई. वीस दिवस एक मिनिटही थांबला नव्हता."

"वीस दिवस? बसला नाही, निजला नाही?" सासूबाईंनी जिभेने च्यक् केलं. "मग दमला असेल बिचारा."

यंत्र दमत नसतं, इंधन मिळालं की ते चालतं, असं समजावून सांगायला तिने तोंड उघडलं. पण शब्द फार लांब होते आणि उशी फार जवळ.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. पाण्याखालून ऐकू यावा तसा तिला तो ऐकू आला. सासूबाईंनी कुठलंसं बटण दाबलं आणि सरांचा आवाज खोलीभर पसरला.

"गळती नाही याची खात्री करून चार वाजता सेल परत चालू केला. वीज वाढलीय! दहाव्या दिवशी द्यायचा तेवढी देतोय. आम्ही ज्याला झीज समजत होतो ती सगळी झीज नव्हतीच. बरीचशी नुसती…"

"शीण होता," सासूबाई म्हणाल्या.

"तसंच काहीसं. सलग पाचशे तासांपेक्षा हे मोलाचं आहे. प्रबंध आता विश्रांतीवरच लिहायचा. मुदतीचं मी बघतो. जरा त्यांना फोन देता?"

"झोपलीय. नाही उठवणार. तीही वीस दिवस चालूच आहे."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "असू दे बंद. फक्त तो मीटर उद्या सकाळी तेवढा…"

"मीटर राहू दे इकडेच. लागतोय मला."

सासूबाईंनी बाळाची पाठ थोपटली. बारीकसा आवाज आला, मीटरने पिक् केलं. चष्मा सावरून त्यांनी आकडा वाचला.

"बारा. उतरतोय."

पडदा फुगला, बसला. झोपेत कुठेतरी थेंब पुन्हा पडायला लागले, टप… टप… तिने ते मोजले नाहीत.