दीडपानी रजेचा अर्ज

आवक-जावकच्या कारकुनाने चाळिशीत ठरवलं, की रोज पाच अवघड इंग्रजी शब्द पाठ करायचे. (सोपे कधी पाठ झाले होते, हे विचारू नये.) बायकोच्या पोटात गाठ निघाली तोवर दोनशे शब्द जमले होते आणि ते खर्चायला जागा मिळत नव्हती. ती रजेच्या अर्जात मिळाली.

‘पत्नीचं ऑपरेशन आहे, आठ दिवस रजा मिळावी’, एवढ्यावर भागलं असतं. गड्याने इंग्रजीत दीड पान भरलं. त्यात पत्नी, ऑपरेशन आणि रजा सोडून सगळं होतं.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. कारकुनाला अर्थ विचारायचा म्हणजे साहेबकीच गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची; त्यांनी ‘वरिष्ठांच्या अभिप्रायार्थ’ असा शेरा मारला. वरिष्ठांनाही मूठ होतीच. ऑपरेशनच्या दिवशी अर्ज तिसऱ्या मजल्यावर, विधी शाखेत होता. कारकून सकाळीच तिथे धावला.

“तक्रार कुणाविरुद्ध आहे?” तिथल्या बाईंनी विचारलं.

“तक्रार नाही हो. रजा हवीय.”

“मग तसं लिहायचं ना.”

“लिहिलंय. दुसरा परिच्छेद.”

बाईंनी तो वाचला. “यात कुणी वारलंय का?”

“अजून नाही,” तो म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

न सांगता गैरहजर राहिल्याची दोन पत्रं आधीच मिळाली होती. तिसऱ्याला नोकरी जाणार. म्हणून तो एकेका शब्दाचा अर्थ समजावत बसला. अकराला बायकोला आत नेणार होते. अकरा वाजून गेले. तीन वाजता बाईंनी अर्ज ‘मूळ शाखेकडे परत’ पाठवला, तेव्हा नोकरी गेली खड्ड्यात म्हणून तो निघाला.

दवाखान्यात बायको शुद्धीवर आली होती. चेहरा पांढराफटक.

“गाठ काढली. तपासायला पाठवलीय,” मेहुणी म्हणाली. “आत नेताना ताई दाराकडेच बघत होती, भावजी.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “रजाच मंजूर झाली नाही गं.”

“झालीय की. साहेबांनी दहालाच सही केली. तुम्हीच जागेवर नव्हता.”

तिने कागद पुढे केला. सातवी पास बायकोने खाटेवरूनच लिहून बहिणीच्या हाती धाडलेला. ‘साहेब, आज माझं ऑपरेशन आहे. मला भीती वाटते. यांना सोडा.’

खाली साहेबांचा शेरा होता: ‘मंजूर. यापुढे या कारकुनाचे अर्ज पत्नीच्या हस्ताक्षरात असल्यासच स्वीकारावेत.’