तांबड्या ट्रॅक्टराच्या बॅटरीची मसलत

श्रीकुलस्वामी प्रसन्न असो, ऐकणारांस आयुष्य लाभो, आणि सांगणाराचे चुकले ते पोटात घालावे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. नदीकाठी एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, आणि विस्तार म्हणाल तर एक गाव, दोन ओढे आणि एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टर तांबडा, विलायती, बहुत जुना. मुलखात पहिला तोच आला आणि थोरले धनी रंभाजीराव यांनी तो बंदरावरून स्वतः हाकीत आणिला, तेव्हां लोक नारळ घेऊन वेशीस उभे राहिले होते. पुढे रंभाजीरावांस देवाज्ञा जाहली आणि दौलत धाकटे बंधू सुभानराव यांजकडे आली. सुभानराव मायेचे मोठे आणि हट्टाचे त्याहून मोठे. भावाचे नाव निघाले की डोळ्यांस पाणी येई, आणि मग पाणी का आले म्हणोन रागही येई. त्यांनी कायदा केला की ट्रॅक्टरावरील थोरल्या धन्यांच्या बसण्याच्या गादीवर कोणी बसू नये. मग गादीवर भावाचा गुलाबी फेटा ठेविला, ट्रॅक्टरावर ताडपत्री घातली, आणि वर्षातून एकच दिवस, पोळ्यास, सुभानराव पायरीवर तिरके उभे राहून हाकीत आणि तांबडा सर्व बैलांचे पुढे वेशीतून जाई. हाकताना त्यांची कंबर धरी, परंतु बसले नाहीत. ऐसा त्या राज्याचा रिवाज.

परंतु गतवर्षीच्या पोळ्यास बॅटरी उतरली आणि तांबडा ऐन वेशीत अडला. मागे बैल खोळंबले, शिंगांचे बेगड उन्हात तापले, आणि गड्यांनी धक्का मारमारोन वाहन पार केले. लोक तोंडावर हात धरून हसले. तेथेच हमरस्त्यावरील ढाब्याचा मालक हजर होता. त्याने अर्ज केला की तांबडा आम्हांस विकत द्यावा, ढाब्यापुढे चौथऱ्यावर उभा करू, दिव्यांच्या माळा सोडू. सुभानराव संतापले आणि संतापाचे भरात भर सभेत बोलून गेले, "फुडच्या पोळ्याला धक्का लागला तर घेऊन जावा." शब्द तोंडातून गेला आणि धन्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी पुरणपोळी त्यांस गोड लागली नाही.

म्हणोन वैशाखात मसलत बसली. बाबालाल मिस्त्री, जो तांबड्याचा जुना वैद्य, बोलला की ट्रकाची थोरली बॅटरी घालावी, मग कशाचे भय नको. परंतु ती बसवावयास लोखंडी पेटी कापावी लागे, आणि दादांच्या वस्तूस करवत लावणार नाही ऐसे सुभानराव बोलिले. चुलत मेहुणे भिकोबा यांनी पाणी न मागणारी बंद बॅटरी सुचविली. त्यावर धन्यांनी विचारले की आत काय चालले आहे हे दिसत नसेल तर भरवसा कसा ठेवावा. थोरल्या धन्यांच्या पत्नी गजराबाईसाहेब उंबऱ्यात लसूण सोलीत हे सारे ऐकत होत्या. शेवटी तालुक्याच्या शेटजीकडून जाड पत्र्यांची, लांब गॅरंटीची, सर्वांत महाग बॅटरी पसंत करोन आणिली, हळदकुंकू वाहिले, बटण दाबले आणि तांबडा पहिल्याच दमात गरजला. सर्वांस पेढे वाटले. मग तांबडा बंद केला आणि वर ताडपत्री घातली.

आषाढात धन्यांस राहवेना म्हणोन ताडपत्री काढिली आणि बटण दाबले. टक् ऐसा आवाज जाहला आणि पुढे काही नाही. सुभानरावांनी तत्क्षणी पेटी उघडिली. बॅटरी जीपमध्ये घालोन तालुक्यास निघाले, आणि गजराबाईसाहेब म्हणाल्या मलाही यावयाचे आहे. शेटजीने बॅटरी तपासली, दोष काही नाही, नुसती उतरली आहे म्हणोन पुन्हा चार्ज करून दिली, आणि पुसिले की ट्रॅक्टर चालवता किती. सुभानराव म्हणाले, चालवतो की. तेव्हां बाई बोलिल्या, "खोटं कशाला सांगता भाऊजी? पोळ्यापास्नं पोळ्यापतोर उभाच असतोय त्यो." शेटजी समजला. त्याने सांगितले की याहून टिकाऊ माल मजपाशी आहे आणि विकावयास माझी हरकत नाही, परंतु उभ्या गाडीत तोही उतरेल. आठवड्यातून एकदा तरी दूर चालवून आणा. 

घरी येऊन बाई ट्रॅक्टरापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फेटा काढा भाऊजी. मी बसते."

"वहिनी, दादांची जागा हाय ती."

"ठाव हाय. तितंच बसवून त्यांनी मला चालवाय शिकवलं, नदीकडच्या माळावर, कुणी बघत नसताना. तुमास्नी सांगू नगं म्हनले हुते. तुमी हसाल म्हणून."

सुभानराव हसले नाहीत. त्यांनी फेटा उचलला, परंतु घडी घालता येईना. ती बाईंनी घातली.

मग दर बाजारच्या दिवशी बाईसाहेबांची स्वारी तांबड्यावरून तालुक्यास जाऊ लागली, आणि गावाने आधी नावे ठेविली आणि मग बाजाराच्या पिशव्या पाठविल्या. पोळ्यास सारे वेशीस जमले, ढाबेवालाही टेंपो घेऊन आला. बाईंनी बटण दाबले आणि तांबडा तत्क्षणी सुरू जाहला, निळा धूर वेशीवर चढला, आणि तोच वास, तोच आवाज ऐकून सुभानराव भर रस्त्यात रडले, आणि या खेपेस रागावले नाहीत. ढाबेवाला जेवून, रिकामा टेंपो घेऊन गेला.

तात्पर्य इतकेच की बॅटरी अद्याप तीच आहे. एक मात्र गेले. रंभाजीरावांच्या बसण्याने गादीत जो खळगा पडला होता तो बाईंच्या बसण्याने मोडला. सुभानरावांस ते फार लागले आणि त्यांनी तसे बोलून दाखविले. बाई गादीवर हात फिरवीत म्हणाल्या, "मला बी लागलं भाऊजी. पयल्याच दिवशी." इतके बोलून त्यांनी बटण दाबले, आणि बाजारास गेल्या.