मंगळवारी जहाज नसतं

"मंगळवारी या बंदरात एक जरी जहाज दिसलं ना, तर माझ्या नावाचं कुत्रं पाळा!"

इग्नेशस फॅबिएनने छातीवर हात मारून हे सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं, तेव्हा त्याची आई, मा झेली, शीतपेटीत सातवा दिवस काढत होती. इग्नेशसने एकतीस वर्षं बंदर कचेरीत कारकुनी केली होती. रोज सकाळी फळ्यावर खडूने जहाजांची नावं आणि येण्याजाण्याच्या वेळा लिहायच्या, एवढंच काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गावात त्याला 'वेळापत्रक' म्हणूनच हाक मारत.

"शनिवारी उरकून टाक," त्याची थोरली बहीण बर्नडीन म्हणाली. ती अंत्यविधीसाठी ब्रुकलिनहून आली होती आणि आल्यापासून पंखा हलवत होती. "रविवारी माझं विमान आहे."

"शनिवारी पाच जहाजं आहेत."

"मेलेल्या माणसाला काय दिसतं रे?"

"मा काय म्हणाली होती, ते तुला माहीत नाही. तू इथे नव्हतीस. तू कधी असतेस?"

मा काय म्हणाली होती, ते मात्र अख्ख्या पोर्ट लुबिनला माहीत होतं. चाळीस वर्षं ती धक्क्याच्या तोंडाशी बदामाच्या झाडाखाली कोकोच्या कांड्या विकत बसायची. मग धक्का लांबवला, झाड तोडलं आणि सुशोभीकरण झालं. सुशोभीकरणात मा बसत नव्हती म्हणून तिला मासळीबाजाराच्या मागे नेऊन बसवलं. घर तेवढं समोर राहिलं. पण चौदा वर्षं त्या घराच्या खिडकीतून तिने धड समुद्र पाहिला नव्हता. दिसायची ती धक्क्याला लागलेल्या पर्यटकांच्या जहाजाची, बाराव्या मजल्यापर्यंत गेलेली बाल्कन्यांची भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेल्या चड्ड्या. एकदा पाचव्या मजल्यावरच्या एका माणसाने तिच्याकडे बघून कॉफीचा कप उंचावला होता. उत्तरादाखल मा ने जे उंचावलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

जाताना ती इग्नेशसचा हात धरून म्हणाली होती, "मला टेकडीवर पुरशील, तेव्हा समोर समुद्र असू दे. नुसता समुद्र. ते थोबाड नको."

आणि पर्यटकांच्या हंगामात नुसता समुद्र फक्त मंगळवारी असतो. बाकीचे दिवस गाव जहाजांच्या मागे, त्यामुळे गावातली लग्नं, बारशी, दातांचे डॉक्टर, बँकेतली कामं, भांडणं, सगळं मंगळवारी. चर्चमध्ये मंगळवारच्या अंत्यविधीसाठी रांग होती. मा चा नंबर अकराव्या दिवशी लागला. बर्नडीनने कुरकुरत तिकीट बदललं. इग्नेशसने रेडिओवर मृत्यूच्या बातम्यांमध्ये जाहिरात दिली आणि शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: 'त्या दिवशी जहाज नाही, तरी सर्वांनी यावे.'

मंगळवारी पहाटे त्याने मा च्या खोलीचा पडदा बाजूला केला. खिडकीत समुद्र नव्हता.

आधी त्याला वाटलं, धुकं आहे. मग धुक्याच्या एका बाल्कनीत एक बाई दात घासताना दिसली.

"शेजारच्या बेटावर लाटा फार आहेत, तिथे लावता येईना," बंदर कचेरीतल्या पोराने फोनवर सांगितलं. "दोन्ही इकडेच पाठवली."

"दोन्ही?"

"दुसरं मागे आहे, अंकल. पहिलं मोठं आहे म्हणून दिसत नाही."

इग्नेशस काळा कोट घालून बाहेर पडेपर्यंत रस्त्यावर सहा हजार माणसं उतरली होती. औषधाचं दुकान बंद होऊन हिऱ्यांचं दुकान उघडलं होतं. ही दोन्ही दुकानं एकाच माणसाची, एकाच गाळ्यात, फक्त पाटी उलटी करायची. बेकरीवालीने गावकऱ्यांना दोननंतर या म्हणून सांगितलं. आणि धक्क्यासमोरच्या रस्त्याला दोन्ही टोकांना अडथळे लागले.

गावाची रीत अशी की शववाहिका आधी मेलेल्या माणसाच्या घरासमोर येऊन थांबते. तो घराचा शेवटचा निरोप. मग चर्च, मग तिथून चालत टेकडी. घरासमोर न थांबता माणूस गेला, तर तो रस्ता शोधत परत येतो म्हणतात, आणि मा परत आली तर काय बोलेल, या विचारानेच इग्नेशसला घाम फुटला. शववाहिका अडथळ्यापाशी उभी होती. चालक बोबो शांत बसून होता. बोबो सांगितलेलं काम करायचा आणि न सांगितलेला विचार करायचा नाही, म्हणून अंत्यसंस्कारवाल्यांना तो फार आवडायचा.

"जहाजाच्या दिवशी नंबर असल्याशिवाय गाडी आत नाही," मिस ग्लेंडा म्हणाली. धक्क्यावरच्या सगळ्या सहलीच्या गाड्या तिच्या वहीवर चालत.

"मिस ग्लेंडा, ही सहलीची गाडी दिसते का तुला? हिच्यात माझी आई आहे!"

"ते दिसतंय रे बाबा. मलाही वाईट वाटतंय. माझ्या पहिल्या पोराला मा नेच कोको पाजलाय. पण वरून हुकूम आहे, नंबर पाहिजे." तिने वही चाळली. "हे बघ, मॅक्झिम आज गिअरबॉक्स काढून बसलाय. त्याचा सातचा नंबर रिकामा आहे. लाव काचेला, ये जाऊन, काढून टाक. मी काही पाहिलं नाही."

बोबोने शववाहिकेच्या काचेवर पिवळा गोल चिकटवला. त्यावर मोठ्ठा सात.

मिस ग्लेंडाने खरंच काही पाहिलं नव्हतं. वहीतली सात नंबरची सहलसुद्धा. 'जुनं गाव व टेकडी, गाडीच्या मागे पायी, संथ गती, माणसं बावीस.' ती बावीस माणसं पोटावर पिवळे सात लावून अर्धा तास उन्हात उभी होती. त्यांना सांगितलं होतं, आपला नंबर दिसला की त्याच्या मागे जायचं आणि तो नजरेआड होऊ द्यायचा नाही.

मा च्या घरासमोर शववाहिका थांबली आणि तिच्यामागे बावीस माणसं थांबली. घरातून रडत बाहेर आलेल्या बर्नडीनने एकदम रडणं आवरलं.

"इग्गी, हे कोण?"

"मला काय माहीत? तुझ्या ब्रुकलिनचे असतील."

"अर्ध्या चड्डीत?"

"तिकडे घालतात म्हणे काहीही."

चर्चमध्ये त्यांनी मागचे चार बाक भरले. प्रार्थना सुरू होताहोताच बाहेर दुसऱ्या जहाजाचा भोंगा झाला आणि मा ची पेटी उचलायला उभ्या असलेल्या सहाजणांपैकी पाचजण अस्वस्थ झाले. पाचही टॅक्सीवाले. मंगळवार म्हणून रिकामे होते, म्हणून तर त्यांना सांगितलं होतं.

"इग्नेशस, एक फेरी मारून येतो. आईची शपथ."

"कोणाच्या आईची? माझी तर पेटीत आहे!"

"तीन हजार माणसं उतरतायत रे. मा असती तर तिनेच पाठवलं असतं मला."

हे खरं होतं, म्हणून इग्नेशसला जास्तच राग आला. पाचजण काळ्या सुटात पळाले. पेटीला एक खांदा उरला, तोही इग्नेशसच्या आतेभावाचा, आणि त्याचा हर्निया सगळ्यांना ठाऊक होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून गुलाबी शर्टातला, नाक भाजलेला एक म्हातारा पुढे आला.

"आम्ही धरतो," तो म्हणाला. त्याच्यामागे आणखी चारजण उठले होते. "माझ्या बायकोच्या वेळी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मला धरता आलं नव्हतं."

फादर अन्सेल्मने मान हलवली आणि मा झेली फुलाफुलांच्या पाच शर्टांवरून आणि एका हर्नियावरून चर्चच्या पायऱ्या उतरून पुन्हा शववाहिकेत चढली. "भाग घ्यायला देतात, हे किती छान!" मागून एक बाई नवऱ्याला म्हणाली. "मागच्या बेटावर नुसतं दोरीच्या पलीकडून दाखवलं."

टेकडीवर पोचायला अडीच वाजले. तिथून बंदर तळहातासारखं दिसतं, आणि तळहातावर दोन्ही जहाजं होती.

"एक साडेतीनला सुटतं, एक चारला," इग्नेशस फादरना म्हणाला. "चार वाजून दहा मिनिटांनी पुरू."

"इग्नेशस, सहाला मला डोंगरापलीकडच्या गावात प्रार्थना आहे."

"एकतीस वर्षांत चारचं जहाज चार वाजून पाच मिनिटांनी गेलेलं मला दाखवा, फादर. मी शब्द दिलाय तिला."

"मंगळवारचाही दिला होतास," बर्नडीन म्हणाली. मग तिने शववाहिकेच्या काचेवर टकटक केलं. "बोबो, पेटी बाहेर काढू नकोस. एसी चालू ठेव. जन्मभर उन्हात बसली माझी आई, आता तरी तिला गार राहू दे."

बोबोने एसी चालू ठेवला. साडेतीनला लहान जहाज सुटलं. इग्नेशसने घड्याळ सगळ्यांना दाखवलं. नातेवाईक थडग्यांवर बसून मासे भरलेल्या पुऱ्या खायला लागले. बावीस माणसं शववाहिकेच्या सावलीत बसली आणि त्यांनाही पुऱ्या दिल्या गेल्या, कारण प्रेताबरोबर आलेल्या माणसाला उपाशी ठेवत नाहीत.

चार वाजले, तरी जहाज हललं नाही. चार-वीसला भोंगा झाला. जहाज जागच्या जागीच. पावणेपाचला दोन भोंगे.

इग्नेशस इकडून तिकडे फेऱ्या मारत होता, पण मनात एक गुदगुलीही होती. या बावीसजणांना वेळ कळत नाहीये. बसू दे. जहाज जाईल आणि हे राहतील इथेच. मग कळेल यांना, स्वतःच्या जहाजाकडे लांबून नुसतं बघत बसणं म्हणजे काय. त्याने गुलाबी शर्टवाल्याला मुद्दाम आणखी एक पुरी दिली.

सव्वापाचला फादर उठले. "पुत्रा, अंधार होईल. मी आता थांबणार नाही. ते जहाज आज जायचं नाही."

"जातंय, फादर, पाच मिनिटं!" मग त्याला राहवलं नाही. तो म्हाताऱ्याकडे वळला. "काय हो, तुमचं जहाज चुकेल. भीती नाही वाटत?"

"छे!" म्हातारा ओठ पुसत म्हणाला. "ते आम्हाला सोडून जाऊच शकत नाही. सहल जहाजातूनच घेतलीय आम्ही. आपल्या सहलीची गाडी परत आल्याशिवाय ते हलत नाहीत, लिहून देतात तसं. आणि तुम्हाला टाकून आम्ही कसं जाणार? तुमच्या मातोश्री अजून जमिनीच्या वरच आहेत. तुम्ही कशासाठी थांबलायत, तेच आम्हाला कळेना."

इग्नेशस शेजारच्या थडग्यावर बसला. तो जहाज जाण्याची वाट बघत होता. जहाज या बावीसजणांची वाट बघत होतं. आणि ही बावीस माणसं पुरी खात त्याची वाट बघत होती. एकतीस वर्षांच्या फळ्यावर असली वेळ त्याने कधी लिहिली नव्हती.

"ऐकलंस, वेळापत्रक?" बर्नडीन म्हणाली. "आणि तू त्यांना जेवू घालतोयस."

इग्नेशस उठला तो ओरडतच. "बोबो! या सातवाल्यांना घे आणि सरळ धक्क्यावर नेऊन सोड! आत्ता! वाटेत कुठेही थांबू नकोस!"

बोबोने मान हलवली. इंजिन चालूच होतं. बावीस माणसांनी टोप्या काढल्या, प्रत्येकाशी हात मिळवले, बर्नडीनला मिठ्या मारल्या आणि ती आपल्या नंबराच्या मागे उतार उतरू लागली. इग्नेशसने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचे डोळे बंदरावर होते.

वीस मिनिटांनी भोंगा झाला. दोर सुटले. ती बारा मजली भिंत हळूहळू सरकली, आणि तिच्या मागून आधी एक निळी पट्टी, मग दोन, मग सगळाच समुद्र बाहेर आला. उन्हं त्याच्यावर तिरपी पडली होती. फादरसुद्धा डोंगरापलीकडची प्रार्थना विसरून बघत राहिले. बर्नडीनने इग्नेशसचा हात धरला.

"चौदा वर्षं ना रे?"

"चौदा. चला. मा ला आणा."

आतेभाऊ आणि तिघेजण रस्त्याकडे गेले आणि तसेच परत आले.

"इग्गी," बर्नडीन खाली बोट दाखवत म्हणाली, "धक्क्याच्या टोकाला ती काळी गाडी कुणाची रे?"

शेवटचं जहाज सुटलं की धक्क्याचं फाटक बंद होतं आणि पहारेकरी किल्ली घेऊन डोंगरापलीकडच्या गावात आपल्या घरी जातो. फाटक सकाळी सहाला उघडतं. बुधवारी चार जहाजं होती.