चांद्याच्या जागी कांगारू

"औंदाच्या पोळ्याला चांद्या माझ्या दारात येणार म्हंजे येणार!" चुडाव्याच्या बन्सीधररावांनी पारावर छाती ठोकून सांगितलं. हिंमतच म्हणायची! कारण हा लाल कंधारी बैल चांद्या त्यांनीच दोन वर्षांमागं ट्रॅक्टरपायी विकला होता. तेव्हापासून त्यांच्या मंडळी, कडूबाई, कामापुरत्याच बोलायच्या. चहा घ्या. जेवा. झोपा. बन्सीधररावांचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

अन् एक दिवस सून प्रियंकाच्या मोबाईलवर बैलांच्या शर्यतीचा गेम दिसला. तोच लाल रंग, कपाळावर तोच चांद! "विकत घे बाई, आत्ताच्या आत्ता! पोळ्याला मोठ्या टीव्हीवर लावू!"

खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला चोळतात तसं त्यांनी टीव्हीच्या कोपऱ्यांना तूप-हळद चोळलं. "चांद्या, आज आवतन घे, उद्या जेवायला ये."

"मामा, टीव्ही बिघडंल!" प्रियंका ओरडली. ऐकतो कोण!

पोळ्याला टीव्ही अंगणात मांडला, त्याला झूल घातली. शेजारच्या आप्पारावांसकट अर्धी गल्ली जमली. कडूबाई आरतीचं ताट घेऊन आल्या, डोळे भरलेले. बन्सीधररावांना वाटलं, जिंकलो!

प्रियंकानं गेम लावला. "थांबा मामा, नवीन कायतरी उतरायलंय..."

उतरलं. शर्यतीचं मैदान तेच, गाडी तीच, अन् गाडीला जुंपलेलं कांगारू!

"बन्सी," आप्पाराव म्हणाले, "तुझ्या बैलाचे पुढचे पाय उगवायचे राहिले की रे!"

अंगण हसून लोळायला लागलं. बन्सीधररावांनी तावातावानं कंपनीला फोन लावला.

"सर, बैलाच्या चित्रावरून कोर्टात वाद झाला," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "म्हणून आम्हाला बैल काढावा लागला."

"भांडण तुमचं, मग बैल माझा का नेता? इकत घेतलाय मी!"

"सर, तुम्ही फक्त खेळायची परवानगी घेतलीय. अटींखाली तुम्ही 'मान्य' दाबलंय."

"आस्सं? मी बी चांद्या विकला! मागून जाऊन त्या माणसाच्या दावणीला शेळी बांधली असती, तर सोडलं असतं का त्यानं मला?"

मुद्दा बिनतोड होता. फक्त तो कडूबाईंच्या देखत मांडायला नको होता! त्यांचा चेहरा पुन्हा दगडासारखा झाला. बन्सीधरराव घाबरले, अन् त्या घाबरण्यातच आणखी ओरडले, "ग्राहक मंचात खेचतो तुमाला!"

मुलीनं साहेबांना विचारलं. "सर, पूर्ण पैसे परत करतो. गेम तेवढा परत द्या."

"बघा! याला म्हणतात हक्क!" बन्सीधररावांनी मिशीला पीळ दिला.

पण कडूबाई टीव्हीजवळ जाऊन निरखत होत्या. कांगारूच्या पोटाच्या पिशवीतून एक इवलंसं पिल्लू डोकावत होतं. त्यांनी काचेवर कुंकू लावलं, पुरणपोळी दाखवली आणि नवऱ्याच्या हातून फोन हिसकावून घेतला.

"ओ बाई, पैसे-बिसे न्हाई पायजेत! लेकराला पोटाशी धरून दारात आलंय बिचारं. घरचं जनावर दुसऱ्यांदा विकू द्यायची न्हाई मी ह्या माणसाला!"

फोन कट! मग त्या वळल्या. "आन तुमी, माझ्या तोंडाकडं काय बघायलात? पुरण गार व्हायलंय. तूप जास्त घालू का कमी?"

दोन वर्षांत बाई पहिल्यांदाच एवढं बोलल्या होत्या! बन्सीधररावांनी ग्राहकाचे सगळे हक्क तिथल्या तिथं सोडले आणि गुपचूप पाटावर जाऊन बसले.