बॅग कोणी उचलायची

ट्रेंट उनरूला एकाही कॉलेजनं आपल्या संघात खेळायला विचारलं नव्हतं, आणि कॅन्ससच्या त्या एवढ्याशा गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून तो वाईट नव्हता, बरा फेकायचा. पण बरे फेकणारे पैशाला पासरी. दोन तासांवरच्या एका कॉलेजात पिचरची एकच जागा उरली होती आणि तिथला कोच आज शाळेची शेवटची मॅच बघायला येणार होता. ही जागा गेली की बेसबॉल संपला. मग जन्मभर काकाच्या दुकानात टायर बदलायचे.

त्याच्या वडिलांना, डेलमारना, न्हाव्याच्या खुर्चीत एक गुपित कळलं होतं.

"कोच चेंडू बघतच नाहीत," नाश्त्याला ते म्हणाले. "पार्किंगमध्ये उभं राहून बघतात, पोराची बॅग कोण उचलतंय. आईनं उचलली की नावावर काट. आणि हात दुखला तरी ब्र काढायचा नाही. दुखऱ्या हाताचा पिचर कुणी फुकटसुद्धा नेत नाही."

पार्किंगमध्ये त्याच कॉलेजची निळी टोपी घातलेला एक माणूस उभाच होता. डेलमारनी डोळा मारला. ट्रेंटनं बॅग खांद्याला लावली, बर्फाची पेटी उचलली, आईच्या हातातल्या तीन खुर्च्याही काढून घेतल्या. टोपीवाला ढिम्म. मग डेलमारनी शेजारच्या फ्रीडाबाईंचा सरबताचा भरलेला पिंप मुलाच्या उजव्या हातात दिला. श्रावणबाळही थकला असता. दुसऱ्या फेरीला ट्रेंटच्या खांद्यात कट्कन वाजलं.

तेवढ्यात टोपीवाल्यानं विचारलं, "पोरा, तुंबलेला संडास कुठला रे?"

तो प्लंबर निघाला. टोपी मेव्हण्यानं दिलेली.

खरा कोच बोडक्या डोक्यानं जाळीमागे बसला होता. ट्रेंटचे पहिले चार चेंडू जमिनीत गेले, पाचवा पंचाच्या मांडीवर. खांदा ठणकत होता, पण पोरानं ब्र काढला नाही. दुसऱ्याच डावात त्याला बाहेर बसवलं. रडू येत होतं, तेही त्यानं गिळलं.

मॅच संपल्यावर शाळेचा कोच जवळ आला. म्हणाला, कॉलेजवाल्याचं मत आहे की पोरगा आज घाबरला असेल, पण एवढं फसूनही मान खाली घातली नाही; तो पार्किंगमध्ये भेटायला येतोय. हे ऐकताच डेलमार त्याला गाठायला धावले, ते चुकीच्या फाटकाकडे.

इकडे आई, लोरेन, हिनं मुलाच्या खांद्याला बर्फ बांधला आणि तो दिसू नये म्हणून वरून जाकीट चढवलं. उजवा हात खिशात, डाव्या हातानं आतला बर्फ धरलेला, असा ट्रेंट आरामात फिरायला निघाल्यासारखा पुढे चालला. मागून माउली वाकून येत होती: बॅग, पेटी, तिन्ही खुर्च्या आणि फ्रीडाबाईंचा पिंप.

समोर कोच उभा होता. हातातला प्रवेशाचा कागद त्यानं सावकाश घडी घालून खिशात ठेवला. मग लोरेनच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली आणि स्वतः गाडीत नेऊन ठेवली.

"आईचे हाल बघवत नाहीत, पोरा," तो एवढंच म्हणाला.

ट्रेंटनं तोंड उघडलं. सांगायचं काय, तर हात दुखतोय. त्यानं तोंड मिटलं. कोच गेला.

डेलमार धापा टाकत आले, सगळं ऐकून गाडीत बसले.

"मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले. "बॅगच बघतात."

घरी पोचल्यावर बॅग उचलायला कुणीच उतरलं नाही. तिघंही गाडीतच बसून राहिले.