विनातिकीट धनुर्धर

यापुढे घरात चपला घालायच्या नाहीत, असं निरीक्षकाने एका रविवारी संध्याकाळी ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

माणूस तसा सरळ. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात नोकरी. दुकानात जायचं, तराजू बघायचा, वजनाच्या बुडाचं शिसं कुणी खरवडलंय का ते पाहायचं, शिक्का मारायचा आणि पुढच्या दुकानात जायचं. दुसऱ्याची लपवाछपवी तो बरोबर हुडकायचा, पण स्वतःला काही लपवता येईल तर शपथ. (बायकोच्या वाढदिवसाची भेटवस्तू तो दरवर्षी लपवतो आणि दरवर्षी बायकोच ती त्याला शोधून देते, कारण कुठे ठेवली हे तो विसरतो.) वजन चौऱ्याण्णव किलो. तेही खात्याच्याच काट्यावर, म्हणजे वादाला जागा नाही.

अशा माणसाने खेळात का होईना, चोरपावलांनी हिंडणारा धनुर्धर व्हावं हे नवलच. पण त्याला कारण होतं.

खेळ त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीचा. दर रविवारी दुपारी तिच्या मैत्रिणी यायच्या आणि जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा मांडायच्या. मुलगी गोष्ट चालवायची. समोर किल्ला आहे, दारात पहारेकरी आहे, काय करता बोला. मग एक चेटकीण व्हायची, एक बुटका लोहार, एक तलवारवाली. आपण काय करतो ते सांगायचं, फासा टाकायचा आणि जे पडेल ते भोगायचं. धनुर्धर होणारी मैत्रीण गाव सोडून गेली, खुर्ची रिकामी पडली आणि निरीक्षकाने ती खुर्ची हातापाया पडून मागून घेतली.

कारण एरवी मुलगी त्याच्याशी बोलायची ते एवढंच: "हं", "नको" आणि "चार्जर कुठाय". खेळात मात्र ती त्याच्या डोळ्यांत बघून हलक्या आवाजात म्हणायची, "धनुर्धरा, तुझ्या डावीकडे अंधार आहे आणि त्या अंधारात काहीतरी श्वास घेतंय." इतकं लांब वाक्य ती त्याच्याशी शेवटचं बोलली त्याला सहा वर्षं झाली होती. त्या वाक्यासाठी तो राक्षसाच्या तोंडात जायला तयार होता. आणि दर रविवारी जायचाही.

म्हणजे व्हायचं असं, की धनुर्धर झाडाआड लपायचा, पहारेकरी ओरडायचा, "कोण आहे तिकडे?" आणि निरीक्षक सवयीने उत्तर द्यायचा, "मी."

"बाबा!" मुलगी कपाळावर हात मारायची. "लपलेल्या माणसाने मी म्हणायचं नसतं!"

"अगं, विचारलं त्याने."

चौथ्यांदा असं झालं तेव्हा चेटकिणीचं डोकं गेलं, म्हणजे खेळात खरोखरच गेलं, धडावेगळं झालं. मैत्रिणींनी एकमुखाने ठराव केला की या धनुर्धराला हाकला, शेजारची मुलगी केव्हाची यायचं म्हणतेय. निरीक्षकाचा चेहरा पडला. मुलगी आजीच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "एक संधी देऊ. बाबा, पुढच्या रविवारच्या आत आजीच्या टेबलावरून तिच्या चष्म्याचं घर उचलून आण. तिला कळता कामा नये. आणलंस तर खुर्ची तुझी."

आजी म्हणजे निरीक्षकाच्या सासूबाई. सासरे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्या इथेच. कान असे, की स्वयंपाकघरात चमचा पडला तर तो चहाचा की भाताचा हे खोलीत बसून सांगतील. जावयाशी बोलणं बेताचंच. सासरे रेल्वेत तिकीट तपासनीस होते. एकतीस वर्षं त्यांनी डब्याडब्यांतून लोकांना बाकाखालून आणि संडासातून बाहेर ओढलं, आणि तो संशय त्यांच्या नजरेतून निवृत्तीनंतरही गेला नाही. जावयाकडे बघताना तर तो हमखास असायचा.

तर चपला सुटल्या. निरीक्षक जाड मोजे घालून भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला. (फरशी मधोमध वाजते, कडेला वाजत नाही, हे त्याने स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.) पहिला प्रयोग बायकोवर झाला. ती ओट्याशी उभी असताना तो तिच्या मागे जाऊन थांबला. ती वळली, किंचाळली, आणि लिटरभर दूध शेगडीवरून फरशीवर गेलं.

"अहो, घसा तरी खाकरत जा! आधीच या घरात..." ती एकदम थांबली आणि फडकं शोधायला लागली.

"आधीच काय?"

"काही नाही. पाय उचला."

मंगळवारी त्याने अर्धी रजा टाकली. दुपारचे तीन. मुलगी शाळेत, बायको बँकेत. घरात एवढी शांतता की फ्रिजची घरघर बंद पडली तेव्हाच ती चालू होती हे कळलं. सासूबाईंचं दार अर्धवट उघडं होतं. त्या दाराकडे पाठ करून विणत बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावर चष्म्याचं घर, आणि पलीकडे खिडकीपाशी सासऱ्यांची लाकडी खुर्ची. तिच्यावर कुणी बसत नसे.

निरीक्षक आत शिरला. एक पाऊल, दोन पावलं. मोज्यांचा आवाज नाही, श्वासाचा नाही. हात टेबलापासून वीतभर राहिला.

"आलात?" सासूबाई म्हणाल्या.

'मी' हा शब्द त्याच्या दातांपर्यंत आला होता. त्याने तो तसाच गिळला.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. सुई थांबली नाही आणि मानही वळली नाही. त्या खिडकीकडे बघून बोलत होत्या, रिकाम्या खुर्चीशी. मग त्या ऐकल्यासारख्या थोड्या थांबल्या आणि हसल्या. लग्नाच्या फोटोत हसतात तशा. "चष्मा? आहे की टेबलावर. का हो? ... अस्सं!"

निरीक्षकाचा हात आपोआप मागे आला, मग पाय आले आणि शेवटी बाकीचे चौऱ्याण्णव किलो. तो बाहेर पडून भिंतीला टेकला. तेवढ्यात खोलीतून पावलं वाजली. सासूबाईंची नव्हेत, त्या तर विणत होत्या. टाचेला नाल असलेल्या जड बुटांची, सावकाश पावलं. ती त्याच्यापाशी आली, त्याला ओलांडून पुढे गेली, न्हाणीघराच्या दाराशी थांबली, मग बेडरूमच्या दाराशी थांबली, मग पुढे निघाली. डब्यामागून डबा बघत जावं तशी. पॅसेजमध्ये औषधालासुद्धा माणूस नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढून बघितला. "आपल्याकडे जुने बूट कुणाचे आहेत का गं?"

बायकोने मुलीकडे बघितलं, मुलीने ताटाकडे. "चार्जर कुठाय?" मुलगी म्हणाली.

बुधवारी तेच, गुरुवारी तेच, रोज अर्धी रजा. तो दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच "आलात?" आणि मग ती पावलं. शुक्रवारी तर तो नुसता पॅसेजच्या टोकाला उभा होता, तरी पावलं त्याच्यापर्यंत आली, थांबली, आणि त्याच्या मानेवर कुणीतरी झोपाळल्या माणसाला उठवताना ठोकावं तसं हलकेच दोनदा ठोकलं. दुसरा कुणी असता तर त्याने तिथेच नाद सोडला असता. निरीक्षकालाही सोडावासा वाटत होता, खोटं कशाला सांगा. पण रविवारी त्या खुर्चीवर शेजारची मुलगी बसणार आणि आपल्या वाट्याला उरलेला जन्मभर चार्जर येणार, हे डोळ्यांपुढे आलं की भीती मागे सरायची. फार नाही, दोन पावलं. तेवढी पुरायची.

शनिवारी दुपारी सासूबाई अंघोळीला गेल्या तेव्हा तो आधीच खोलीत जाऊन खिडकीच्या पडद्यामागे उभा राहिला. बेत असा, की त्या येऊन बसतील, विणता विणता डुलकी घेतील, मग हात लांबवायचा. (चष्म्याचं घर टेबलावर असताना आणि खोलीत कुणी नसताना सरळ उचलून का नेलं नाही, असं तुम्ही विचाराल. बायकोनेही नंतर विचारलं. त्याला हे सुचलं नव्हतं.)

सासूबाई आल्या, बसल्या. ऊन खुर्चीवर पडलं होतं आणि त्या उन्हात खुर्चीच्या पाठीची सावली जरा जास्तच रुंद दिसत होती. पडद्याच्या फटीतून निरीक्षकाने ती एकदा पाहिली आणि पुन्हा पाहिली नाही.

"आलात? बसा," सासूबाई म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. "कोण, जावई? ... नाही हो, मनाने वाईट नाही. ... हो, आहे वेंधळा. ... लेकीपायी चाललंय त्याचं सगळं. ... दिसतंय मला, पोट बाहेर आलंय पडद्यातून."

निरीक्षकाने पोट आत घेतलं. खुर्ची करकरली. पावलं उठली आणि एक, दोन, तीन, पडद्यासमोर येऊन थांबली. खोलीत अचानक गार झालं. लोखंड, कोळसा आणि जुन्या लोकरी कोटाचा वास आला. पडदा त्याच्या नाकाशी हळूच आत गेला आणि बाहेर आला, आत आणि बाहेर, पलीकडून कुणी श्वास घेत असल्यासारखा. कुणी काही विचारलं नाही. पण काय विचारलं जातंय ते त्याच्या हाडांना कळलं.

त्याने खिसा चाचपला. सकाळचं बसचं तिकीट सापडलं. डोळे गच्च मिटून त्याने ते पडद्याबाहेर धरलं.

कोणीतरी ते त्याच्या बोटांतून काढून घेतलं. उलटसुलट करून बघितल्यासारखा कागद वाजला. मग कट्ट असा आवाज झाला, आणि तिकीट परत बोटांत आलं. अगदी मधोमध, गोल, स्वच्छ भोक पडलं होतं.

"सोडा त्याला आता," सासूबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "घरचाच आहे."

लग्नाला सतरा-अठरा वर्षं झाली, त्यांत असं त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या, आणि तेही त्याला नव्हे. पडद्यामागे निरीक्षकाचे डोळे भरून आले. भीतीने की कशाने, ते त्याला सांगता आलं नसतं. पावलं खुर्चीकडे परतली. सासूबाईंनी चष्म्याचं घर उचललं आणि पडद्यात खुपसलं. "न्या, जावईबापू. मला काही कळलं नाही म्हणून सांगेन."

रविवारी त्याने ते टेबलावर ठेवलं तेव्हा मैत्रिणी थक्क झाल्या. आजीला बोलावून विचारणी झाली. आजीने अंगावर पाल पडल्याचा आव आणला. "अगं बाई! केव्हा नेलं? मला पत्ताच नाही!" लोहार टाळ्या वाजवायला लागला, चेटकिणीने नव्या डोक्याने क्षमा केली, आणि धनुर्धर आपल्या खुर्चीवर रेलून बसला. तीन तास त्याला मान होता.

मैत्रिणी गेल्यावर मुलगी पेन्सिली गोळा करत होती. निरीक्षकाला राहवेना. लेकीशी खोटं बोलून मिळवलेली खुर्ची टोचते, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "आजीला सगळं कळलं होतं. रोज. आणि नुसतं आजीलाच नाही." त्याने भोक पडलेलं तिकीट तिच्यासमोर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पावलं, मानेवरचं ठोकणं, पडदा. "आता तुझी खुर्ची तू कुणालाही दे. पण मला वेड लागलंय असं समजू नकोस."

मुलीने तिकीट उचलून उजेडात धरलं आणि भोकातून त्याच्याकडे बघितलं. तिला आश्चर्य वाटलेलं मुळीच दिसत नव्हतं.

"माहितेय मला. आजोबांनी सांगितलं."

"तुझ्याशी बोलतात ते?"

"सगळ्यांशी बोलतात. आईशी तर ओट्याजवळ उभे राहून तास तास." ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि सहा वर्षांतलं सगळ्यात लांब बोलली. "त्याचं काय झालं बाबा, आजोबा खूप कंटाळले होते. चार वर्षांत त्यांना पकडायला कुणीच मिळालं नव्हतं. नुसते पॅसेजमधून येरझारा घालायचे आणि आजी रडायची. म्हणून मीच म्हटलं, बाबांना पाठवते, ते शंभर टक्के सापडतील. आणि तू रोज गेलास! आजोबा म्हणाले, एकतीस वर्षांच्या नोकरीत इतका सोपा माणूस त्यांना भेटला नव्हता. इतके खूश आहेत ना! तुझी खुर्ची कुठे जात नाही बाबा, ते जाऊच देणार नाहीत."

लेक शेजारी होती, खुर्ची पक्की होती, आता यात वाईट वाटून घ्यायचं ते नेमकं कशाचं, हे निरीक्षकाला ठरवता येईना.

"मग माझ्याशीच का बोलत नाहीत ते?" शेवटी त्याने विचारलं.

मुलीने त्याच्या खांद्यामागे बघितलं, थोडा वेळ ऐकलं आणि मान डोलावली.

"ते म्हणतात, ड्यूटीवर असताना नाही बोलत. आणि विचारतायत, मंगळवारी येतोयस ना?"

निरीक्षकाने मुकाट्याने अर्ध्या रजेचा अर्ज लिहायला घेतला.